पटावर किती आणि वर्गात किती? नांदेडमधून निघालेल्या एका प्रश्नाची गोष्ट

३ ते ५ ऑक्टोबर २०११. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये त्या तीन दिवसांत मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. निवडणुकीत मतदारांना लावतात तशीच, सहज न निघणारी. एका शाळेत मोजलेलं मूल दुसऱ्या शाळेत नेऊन पुन्हा मोजायला उभं करू नये, म्हणून ही काळजी. मोजायला आले होते ते जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखालचे सरकारी कर्मचारी.

मोजणी संपली तेव्हा पटावर नाव असलेली सुमारे २० लाख मुलं वर्गात सापडली नाहीत.

ही पटपडताळणी राज्यभर झाली, पण तिची कल्पना मंत्रालयात सुचलेली नव्हती. ती आली नांदेडमधून. त्यामुळे 'नांदेड पॅटर्न' हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत रोज दिसायचं.

नांदेडमध्ये काय झालं होतं?

डॉ. श्रीकर परदेशी तेव्हा नांदेडचे जिल्हाधिकारी होते. दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या कॉपीविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली, जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला आणि 'इतकी वर्षं पास कोण होत होतं?' याची चर्चा सुरू झाली. पुढे राज्याने कॉपीमुक्ती अभियान उचललं. आजही बोर्डाच्या परीक्षा आल्या की हा शब्द ऐकू येतो.

त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला, आणि तो त्याहून साधा होता. शाळेच्या पटावर जितकी मुलं लिहिली आहेत, तितकी वर्गात बसतात का?

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. गावाला माहीत होतं, शिक्षकांना माहीत होतं. पण सरकारदरबारी हा प्रश्न विचारायचा तर तो शाळेलाच विचारला जायचा आणि शाळा हजेरीपुस्तक दाखवून उत्तर द्यायची. नांदेडमध्ये शिक्षण खात्याबाहेरची माणसं थेट वर्गात गेली आणि डोकी मोजली. जिल्ह्यात लाखाहून अधिक मुलं फक्त कागदावर असल्याचं समोर आलं.

कागदावरच्या मुलाची किंमत

एक खोटं नाव लिहून कुणाला काय मिळतं, असं वाटू शकतं. हिशोब बघा. शिक्षण हक्क कायद्यातल्या तक्त्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ मुलं झाली की तिसरा. म्हणजे एका नावावर एक नोकरी उभी राहते किंवा जाते. अनुदानित शाळेत त्या नोकरीचा पगार सरकार देतं. पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश, पुस्तकं, तुकडीची मान्यता, सगळं पटावर ठरतं.

यात सगळेच लुटारू होते असं मानणं सोपं आहे, पण बरोबर नाही. पट वाढवून पैसा कमावणाऱ्या संस्था होत्याच. शिवाय पट घसरला तर आपण 'अतिरिक्त' ठरू आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकले जाऊ, या भीतीने दोन-चार नावं तशीच ठेवणारे गुरुजीही होते. मोजणीच्या आकड्यात दोघेही एकाच रकान्यात बसले.

निम्म्याहून अधिक मुलं गैरहजर निघालेल्या शाळांवरच्या कारवाईचा वाद पुढे उच्च न्यायालयात गेला. इतका मोठा आकडा बाहेर पडूनही कारवाई फार रेंगाळली. पण कागदावरचा पट तसाच स्वीकारायचा, हे मात्र बंद झालं. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन होऊ लागली. मग ती आधारशी जोडली गेली.

लातूरचा प्रश्नही याच जातीचा

शेजारच्या लातूरची ओळख प्रश्न सोडवणारं शहर अशी. 'लातूर पॅटर्न' म्हणजे सराव, पुन्हा सराव. पण या शहराला आणि मराठवाड्यातल्या पालकांना एक प्रश्न अनेक वर्षं छळत होता, जो कोणत्याही सराव संचात नव्हता. देशभर 'नीट' एकच, तर राज्यात गुणवत्ता याद्या विभागवार का?

वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्रात ७०:३० चं सूत्र होतं. कॉलेज ज्या विभागात, तिथल्या विद्यार्थ्यांना राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा, बाकीच्यांना ३०. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालयं कमी, गुण मिळवणारी मुलं जास्त. त्यामुळे इथल्या मुलाला जास्त गुण मिळूनही प्रवेश हुकायचा आणि दुसऱ्या विभागात त्याहून कमी गुणांवर जागा मिळायची. अन्यायाची भाषा जुनीच होती. दोन विभागांचे कट-ऑफ शेजारी ठेवून विचारल्यावर मात्र उत्तर देणं अवघड झालं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. घोषणा करणारे तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख हे लातूरचेच आमदार, हाही योगायोग नाही म्हणता येणार.

दोन्हीकडे प्रश्न असा होता की त्याचं उत्तर भाषणात देता येत नव्हतं. आकडा द्यावा लागत होता.

मग आज अडलंय कुठे?

नांदेडने विचारलं होतं, वर्गात किती? आजची व्यवस्था विचारते, पोर्टलवर आधार जुळलेली किती? शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता आता आधार पडताळणी झालेल्या मुलांवर होते. नावातल्या एका वेलांटीचा फरक, चुकलेली जन्मतारीख, जुने बोटांचे ठसे, एवढ्याने मूल 'इनव्हॅलिड' होतं. ते समोर बाकावर बसलेलं असतं, पण हिशोबात नसतं. २०११ मध्ये मुलं कागदावर होती आणि वर्गात नव्हती. आता काही मुलं नेमकी उलट सापडतात, आणि ती सापडायला वर्गात जाऊन डोकीच मोजावी लागतात. पोर्टल भरत बसलेल्या मुख्याध्यापकांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. संचमान्यतेसाठी पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. शाईची पडताळणी झाली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. शाळाबाह्य मुलं शोधायला राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसाचं सर्वेक्षण केलं, तेव्हाही बोटाला शाई होती. निघालेली संख्या फारच कमी असल्याचा आक्षेप शिक्षणक्षेत्रातल्या संस्थांनी घेतला होता.

या तिन्ही तारखांना ऊसतोड कामगारांची मुलं गावात असतात. टोळ्या निघतात त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि परततात उन्हाळा लागल्यावर. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, सोबत जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. दोन्ही योजना कागदावर व्यवस्थित दिसतात. कंधार, मुखेड किंवा जळकोटच्या तांड्यावरच्या शाळेत जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी किती मुलं बसली आहेत, हे मोजायला शाईची बाटली घेऊन अजून कुणी गेलेलं नाही.