ओटीपी कोणाच्या फोनवर?

कार्ड बदलून नवे आले, की पूर्वीच्या ऑनलाइन दुकानांशी ते जोडण्याआधी बँकेने कार्डधारकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये केला. चांगलेच केले. परदेशांत कित्येक बँका न विचारताच नवा नंबर दुकानांना कळवून मोकळ्या होतात.

पण आपल्याकडे संमती म्हणजे बहुधा मोबाइलवरचा ओटीपी! चाकण-भोसरीच्या कंपन्यांत जाणाऱ्या ज्या मैत्रिणी मला भेटतात, त्यांतल्या कितीतरी जणींच्या पगारखात्याला नंबर नवऱ्याचा आहे. राबणार ती, 'हो' म्हणणार तो. घर सोडून आलेल्या बाईने नवे कार्ड घेतले, तरी तिच्या खरेदीचे संदेश त्याच्याच हाती. नंबर कोणाचा, हे बँकेने तिला एकटीला विचारायला काय हरकत आहे? गटाच्या पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपल्या शाखेत जाऊन एवढे पाहून यावे.