तात्या विंचूची नक्कल आणि कायदा



परंडा तालुक्यातील आमच्या गावी गणेशोत्सवात मुलांनी बाहुला नाचवून केलेल्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील ‘तात्या विंचू’च्या विडंबनावर गतांकातील पत्रलेखकांनी थेट चौर्याचा आरोप ठेवला आहे; सदरहू बाहुला मी मांडीवर घेऊन पाहिला असल्याने हा खुलासा करणे भाग पडते. जुन्या पायमोज्यात कापूस कोंबलेला, सुतळीच्या ओढीने जबडा उघडणारा तो बाहुला मूळ तात्या घडवणाऱ्या रामदास पाध्ये यांच्या कारागिरीपुढे अगदीच दरिद्री. आणि पाणीपट्टीची थकबाकी मागत तो ज्यांच्या मानगुटीवर बसला, ते सरपंचच सर्वांत मोठ्याने हसले! शिवाय १९९३च्या ‘झपाटलेला’तील मूळ तात्याही १९८८च्या इंग्रजी चित्रपटातील ‘चकी’च्या छायेतच जन्मला, हे पत्रलेखक सोयीस्करपणे विसरतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात विडंबनाचा नामनिर्देश नाही, हे मला कबूल. परंतु टीका-समीक्षणार्थ उचित वापरास तेथे मुभा आहे, आणि मल्याळी नाटककार तोप्पिल भासींच्या नाटकावर बेतलेल्या प्रतिनाटकास मनाई करण्याचे केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली नाकारले, ते याच कलमाचा विचार करून. उद्या कोणी तात्याचे चित्र छापून दप्तरे विकू लागला, तर फिर्यादीवर पहिली सही माझी राहील. तूर्त पत्रलेखकांनी आपला आरोप मागे घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. परंडा, जि. धाराशिव