विश्लेषण : घरच्या घरी ‘आयर्न मॅन’चे चिलखत, पण कोणत्या प्लास्टिकचे?

‘आयर्न मॅन’ २००८ मध्ये पडद्यावर आला. त्यातला टोनी स्टार्क आपले पहिले चिलखत गुहेत, हाताशी असलेल्या भंगारातून ठोकून काढतो. ही गोष्ट जगभरच्या पोरांनी मनावर घेतली. आपल्याकडे कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाले, पुढे मुंबईतही आले, आणि घरी बनवलेली चिलखते घालून मिरवणारी मुले आता नवलाईची राहिलेली नाहीत.

घरच्यांचा आक्षेप ठरलेला असतो : अभ्यास बुडतो. हा आक्षेप चुकीच्या जागी आहे. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला जे क्वचितच होते, ते इथे खरोखर होते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे प्लास्टिक कोणते, आणि ते तू तापवणार आहेस का?

धोका नेमका कशात?

व्हिडीओत चिलखत चकचकीत दिसते, पण ते बनवणाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडी होती का, हे दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात तर कार्यशाळा आणि स्वयंपाकघर एकच.

सर्वात सहज मिळणारी वस्तू म्हणजे सनबोर्ड किंवा निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स. दोन्हींत पीव्हीसी असते. ते कापा, चिकटवा, हरकत नाही. पण त्यावर हीट गन धरू नका. अनेक हीट गनच्या तोंडाशी तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि जास्त तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घसा, डोळे आणि फुप्फुसांना जाळणारा वायू निघतो. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचेही तेच. वस्तूवरच्या त्रिकोणात ३ हा आकडा असेल तर ते पीव्हीसी.

थर्माकोल त्याहून फसवा. तापलेल्या तारेने कापताना त्यातून स्टायरीनची वाफ निघते आणि वरून स्प्रे पेंट मारला की तो विरघळून खड्डे पडतात. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. जुन्या बादल्या-कॅनचे प्लास्टिक (आकडे २ आणि ५) तुलनेने निरुपद्रवी, पण त्याला ना गोंद धरतो ना रंग.

उरतो तो इव्हीए फोम. हवाई चपलांच्या तळव्यात आणि लहान मुलांच्या कोड्यासारख्या जोडायच्या चटयांत असतो तोच. हलका आहे, थोड्या उष्णतेत वाकतो आणि थंड झाला की तो आकार बऱ्यापैकी धरून ठेवतो. नवशिक्याने दुसरे काही शोधू नये. मात्र तो जोडायला वापरतात ते चपलांचे सोल्युशन ज्वलनशील असते आणि त्याचा वास डोक्यात जातो. काम गॅलरीत, गॅसपासून दूर. साधा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. फोम घासताना उडणारी धूळही नाकात जाऊ देऊ नये.

मग कौशल्य कोणते?

मुख्यतः शिवणकामाचे. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कोणत्याही मावशींना विचारा. सपाट कापडाला गोलाई हवी तर कडा वक्र कापून एकमेकींना जोडाव्या लागतात. आयर्न मॅनची छाती हेच तंत्र वापरून उभी राहते, फक्त सुईऐवजी सोल्युशन असते.

बेतणीचा सोपा मार्ग असा. जुना टी-शर्ट घालायचा, त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म सैलसर गुंडाळायची आणि वरून चिकटपट्टी लावायची. मानेला आणि चेहऱ्याला अजिबात नाही. मग पेनाने रेषा आखायच्या, दुसऱ्याने बोथट टोकाच्या कात्रीने पाठीकडून ते कापून काढायचे आणि रेषांवरून तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा आधी पुठ्ठ्यावर, पुठ्ठा अंगावर लावून पाहिल्यावरच फोमवर. जपानी ‘पेपाकुरा’ सॉफ्टवेअर त्रिमितीय आकृतीचे कागदी तुकडे पाडून देते खरे, पण माप आपल्यालाच द्यावे लागते. नायकाचे खांदे आपल्याला नसतात.

काटकोनी कोपरा हवा तर दोन्ही कडा ४५ अंशांत तिरप्या कापायच्या. पाते बोथट झाले की फोम कापला न जाता फाटतो, त्यामुळे पाती सारखी बदलावी लागतात. (यात कंजुसी करणाऱ्याचे चिलखत लांबूनच ओळखू येते.) रंगाआधी पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे तीन-चार हात द्यावेत, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो.

त्रिमितीय प्रिंटर नसल्याची खंत करू नये. मापच चुकले असेल तर प्रिंटर चुकीचा भाग तितक्याच सुबकपणे छापून देतो.

घालून बसता येते का?

‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर्सची चिलखते लंडनच्या ट्विकनहॅम भागातल्या एका कारागिराने, अँड्र्यू एन्सवर्थ याने, तापवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यातली हवा शोषून साच्यावर बसवून बनवली होती. दिसायला अप्रतिम, पण शिरस्त्राणातून धड दिसत नसे. १९७७ च्या त्या चित्रपटात एक सैनिक दाराला डोके आपटतो आणि ते दृश्य तसेच राहून गेले आहे.

म्हणून छाती आणि पोट वेगळे ठेवा, कोपर-गुडघ्यापाशी जागा सोडा, तुकडे इलॅस्टिक, वेल्क्रो आणि टिचबटणांनी जोडा. गोंदाने सगळे एकसंध केले की स्वच्छतागृहाला जाणेही मुश्कील होते. फोम घाम शोषत नाही, हवाही खेळू देत नाही. मुंबईच्या दमटपणात हे अर्ध्या तासात कळते. आत सुती कपडे, शिरस्त्राणाला मागे झरोके आणि सोबत एक मित्र हवाच. फोम पेटतो, त्यामुळे दिवाळीत फटाक्यांजवळ हे चिलखत घालून जायचे नाही.

आणि कार्यक्रमाला जाताना ते उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासन्‌तास ठेवू नका. तापलेल्या फोमचे जोड सुटू लागतात.