ट्यूमरचा दम कोंडतो, पण फावतं त्याचंच!

सिंहगड चढताना दम लागला की आपण दोन मिनिटं टेकतो. पेशीला मात्र टेकायची सोय नाही. ऑक्सिजन कमी पडला की ती थेट कामाची पद्धतच बदलते. हे तिला कळतं कसं, याच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन भरपूर असेल, तर पेशी 'एचआयएफ' नावाचं प्रथिन लगेच नष्ट करते. ऑक्सिजन घटला की ते साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या बनवण्यासारखी अनेक कामं सुरू करतं.

गडबड इथेच आहे. ट्यूमर इतक्या वेगानं वाढतो की रक्तपुरवठा मागे पडतो आणि आतला भाग गुदमरतो. मग हेच एचआयएफ कॅन्सरच्या पेशीवर 'पीडी-एल1' नावाचं प्रथिन वाढवतं. आपल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, चौकशीला आल्या की हे प्रथिन त्यांच्यावरचा 'पीडी-1' हा ब्रेक दाबतं. चोर समोर, पण शिपाई गप्प!

असे ब्रेक सोडवणारी औषधं आज आहेत. त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. पण ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. गुदमरलेला ट्यूमर हे त्याचं एक कारण. आणि किंमत? सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचा प्रयोग महत्त्वाचा. डोकं आणि मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांसोबत निवोलुमॅब दिलं. तेही दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या एक दशांशापेक्षाही कमी. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात 16.3 टक्के होतं, तर या गटात 43.4 टक्के.

अर्ध्याहून जास्त रुग्ण तरीही वाचले नाहीत, हे विसरून चालणार नाही. पण गुटखा-तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी ऐकू येणाऱ्या आपल्या देशात 'औषध आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. 'परवडेल का?' हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे. आणि पुडी न फोडणं हा अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय, बरं का!