प्राण्यांऐवजी पेशींवर औषधचाचणी. पण यकृताच्या पेशी आणायच्या कुठून?

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत दुरुस्ती केली. माणसाला देण्याआधी औषध प्राण्यांवरच तपासलं पाहिजे, ही सक्ती त्यामुळे सैल झाली. मानवी पेशींवरच्या चाचण्यांचे निकालही आता मांडता येतात. फॅटी लिव्हरच्या औषधांबाबत मात्र गाडी एका साध्या प्रश्नावर अडते: या पेशी मिळवायच्या कशा?

हा आजार आता फक्त दारू पिणाऱ्यांचा राहिलेला नाही. मधुमेह, सुटलेलं पोट, बैठं काम यांच्याबरोबर तो येतो, म्हणूनच २०२१ मध्ये केंद्राने त्याला असांसर्गिक आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं.

यकृताच्या आकारमानाचा सुमारे ८० टक्के भाग हिपॅटोसाइट या मुख्य पेशींचा. उरलेल्या जागेत जंतू-कचरा गिळणाऱ्या कुप्फर पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी. यकृत कडक होतं ते प्रामुख्याने या स्टेलेट पेशी बिघडल्यामुळे. म्हणजे औषध नेमकं कोणावर चाललं हे कळायला प्रत्येक जात वेगळी काढावी लागते.

पद्धत जुनीच आहे. बेरी आणि फ्रेंड यांनी १९६९ मध्ये उंदराच्या यकृतावर ती दाखवली, पुढे सेग्लेन यांनी दोन टप्प्यांत नीट बसवली. आधी रक्तवाहिनीतून कॅल्शियम नसलेला कोमट द्राव सोडायचा, म्हणजे पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. मग कोलॅजिनेज हे एन्झाइम सोडून मधलं जाळं विरघळवायचं. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवलं की जड हिपॅटोसाइट तळाशी बसतात, बाकीच्या वर राहतात. वरच्या द्रावातून स्टेलेट पेशी त्यांच्या हलकेपणावर निवडतात.

खरी मेख पुढे आहे. आजारी हिपॅटोसाइट चरबीने हलक्या होतात, तळाशी बसत नाहीत आणि धुण्यात निघून जातात. उलट आजारी स्टेलेट पेशी आपले चरबीचे थेंब गमावतात आणि हलक्या थरात सापडत नाहीत. ज्यांचा अभ्यास करायचा त्याच निसटतात, नि हाती उरतात त्यातल्या त्यात धडधाकट पेशी! त्यात निरोगी स्टेलेट पेशीही प्लास्टिकच्या बशीवर काही दिवसांत आपोआप आजाऱ्यासारख्या वागू लागतात. अशा पेशींवर औषध 'चाललं' म्हटलं, तर किती विश्वास ठेवायचा?

मानवी नमुन्यांची अडचण आणखी वेगळी. परदेशात प्रत्यारोपणासाठी नाकारलेली मृत दात्यांची यकृतं प्रयोगशाळांकडे जातात. आपल्याकडे बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या दानातून होतात. दिलेला तुकडा रुग्णालाच बसतो, शिल्लक काही राहत नाही. रुग्णाचं काढलेलं यकृत मिळू शकतं, पण सिरॉसिसने ते इतकं तंतुमय झालेलं असतं की एन्झाइम आतपर्यंत पोहोचत नाही. राहता राहिले गाठींच्या शस्त्रक्रियेत कडेने निघणारे तुकडे. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती आणि नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि तुकडा काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. मृत्यूनंतरच्या अवयवदानाचं काम इकडे कर्नाटकात 'जीवसार्थकथे' पाहते, महाराष्ट्रात विभागीय समन्वय केंद्रं. त्यांचा भर अर्थातच रुग्णांवर आहे, संशोधनावर नाही.

नियम बदलला तो दिल्लीत. ऑपरेशन थिएटरपासून प्रयोगशाळेपर्यंत तुकडा नेणारी, दात्याचं वय, मधुमेह, चरबीचं प्रमाण नोंदवणारी साखळी मात्र शहराशहरांत, रुग्णालयांमध्येच उभी करावी लागेल.