गवत कापण्याआधी

विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती येण्याची तारीख पक्की झाली की त्यांच्या आवारात एक ठरलेली लगबग सुरू होते. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे बसतात, मुख्य इमारतीसमोर कुंड्यांच्या रांगा लागतात, पाचोळ्याचे ढीग पेटतात आणि गुडघाभर वाढलेले गवत यंत्राने भुईसपाट होते. कुंपणालगत वर्षानुवर्षे उभे असलेले बाभळीचे वाळके खोडही मग कुणाच्या तरी डोळ्यांत खुपू लागते. समितीपुढे ठेवायच्या फायलींत ग्रीन ऑडिटचा अहवाल असतो आणि त्याला आवारातल्या पक्ष्यांची यादी जोडलेली असते. त्या यादीतला चंडोल ज्या गवतात राहत होता, ते गवत मात्र त्याच आठवड्यात ट्रॅक्टरमध्ये भरून गेलेले असते.

यात कुणाच्या मनात पक्ष्यांविषयी आकस नसतो. आवार नीटनेटके दिसावे, एवढीच साधी इच्छा असते. अडचण अशी की नीटनेटकेपणाची आपली कल्पना बागेवरून आलेली आहे आणि बहुतेक पक्षी बागेत राहत नाहीत.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उदाहरण घ्या. गणेशखिंडीतला हा सुमारे ४११ एकरांचा परिसर एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होता. २२ जून १८९७ च्या रात्री इथलाच राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सवी समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. १९४९ मध्ये इथे विद्यापीठ आले आणि गव्हर्नरांचा बंगला मुख्य इमारत झाला. भोवतालची जुनी झाडे वारशातच मिळाली. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत पुणे औंध, बाणेर, पाषाण पोटात घेत पुढे गेले. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला आणि तिथे मेट्रोचे खांब उभे राहिले. या सगळ्या गदारोळात फाटकाच्या आत वडाच्या पारंब्या टिकल्या, हे पुणेकरांचे नशीब.

या वडांचे मोल मोजायचे तर कुठल्याही उन्हाळ्यात फळांनी लगडलेल्या एका झाडाखाली अर्धा तास उभे राहावे. वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातली झाडे. त्यांचा फळण्याचा एकच ठरलेला हंगाम नसतो. हे झाड आज पिकते, तर पलीकडचे दोन महिन्यांनी. म्हणून इतर झाडांवर काही नसते, तेव्हाही या खानावळी उघड्या असतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कोकीळ, बुलबुल, मैना, तांबट आणि राखी धनेश एकाच फांदीवर पंगतीला बसतात. धनेशाची तऱ्हा तर अजबच. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. तिथून पुढे अंडी उबून पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे आणि पिल्लांचे पोट नराच्या फेऱ्यांवर चालते. या संसाराला दोन गोष्टी लागतात: आसपास फळणारी झाडे आणि ढोली पडण्याइतके जुने खोड. वृक्षारोपणाच्या दिवशी लावलेल्या रोपाला तसली ढोली पडायला कैक दशके जावी लागतात.

वाळक्या लाकडाचेही तेच. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ‘पुक् पुक्’ आवाज काढणारा तांबट आपली ढोली स्वतः कोरतो, पण ताज्या, कठीण लाकडात नव्हे. मेलेली, मऊ झालेली फांदी तो शोधतो. त्याने आणि सुतार पक्ष्याने सोडलेल्या ढोल्यांत पुढे दयाळ, मैना, राघू अशी बिऱ्हाडे येतात आणि पिंगळ्यालाही ढोलीच लागते. उद्यान विभागाच्या नोंदवहीत ‘मृत वृक्ष, काढणे आवश्यक’ असा शेरा पडतो, तेव्हा अख्खी चाळ रिकामी करण्याची नोटीस निघालेली असते.

तरीही झाडांना निदान वाली आहे. कुऱ्हाड पडली की विद्यार्थी जमतात, बातमी होते, कुणी न्यायालयात जाते. गवताला आणि माळाला तोही नाही.

मराठीत त्याचे कारण एका शब्दात सापडते: पडीक. नांगर फिरत नाही आणि इमारतही नाही, ती जमीन पडीक. महसुली कागदांत हा शब्द मुरला तो सारावसुलीच्या हिशेबातून, कारण जी जमीन सारा देत नाही ती सरकारच्या लेखी वायाच गेलेली. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाकडून निघणाऱ्या ‘वेस्टलँड अॅटलस’मध्ये आजही झुडपी माळरानाची गणना पडीक जमिनीत होते. विद्यापीठाच्या मास्टर प्लॅनमध्येही अशा जमिनीची नोंद रिकामी जागा म्हणूनच. नवे वसतिगृह, पार्किंग, क्रीडासंकुल, सोलर पॅनेल, सगळ्यांची पहिली नजर तिथेच जाते. आणि काही बांधायचे नसेल, तर तिथे झाडे लावली जातात.

प्रत्यक्षात ही जागा कधीच रिकामी नसते. टिटवी उघड्या मुरमाड जमिनीवर खळगा करून चार अंडी घालते. ती आजूबाजूच्या खड्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तिच्या अंड्यांवरून पावसाचे चार महिने मोजणारे शेतकरी राज्यात अजून भेटतात. पार्किंगसाठी रोलर फिरवणाऱ्याला मात्र ती दिसत नाहीत. चंडोल, तित्तिर आणि लावा यांची घरटीही जमिनीवरच. वटवट्या गवताच्या काड्यांत घरटे विणतो. मुनियांचे थवे गवताच्या बियांवर जगतात. सुगरणीला विणकामासाठी लांब, ओल्या पात्यांच्या चिरफळ्या लागतात. (मराठीने पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले असले, तरी विणकाम करतो तो नर.) यांतल्या अनेकांचा वीण हंगाम पावसाळ्यातला, नेमका गवत कापण्याचे टेंडर निघते तेव्हाचा.

हे सगळे भावनेच्या भरात म्हणायची गरज नाही, कारण आता आकडे आहेत. देशभरातल्या तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. कोण घटले आणि कोण वाढले, हे आणखी बोलके आहे. फळे आणि मधुरसावर जगणारे पक्षी साधारणपणे तग धरून आहेत. कीटक आणि लहान प्राण्यांवर जगणारे घसरणीला लागले आहेत. कुठेही जुळवून घेणारे पारवे, कोकीळ, मोर वाढले आहेत. माळराने आणि उघड्या जागांशी बांधलेले पक्षी वेगाने उतरले आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानले जाते, तो नीलपंखही घटलेल्यांत आहे.

आता हाच अहवाल हातात धरून एखाद्या ‘सुशोभित’ आवाराकडे पाहावे. गुलमोहर मादागास्करचा, गिरीपुष्प आणि रेन ट्री मध्य व दक्षिण अमेरिकेकडचे, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. खाली एकसारखी कापलेली, फवारलेली हिरवळ. इथे पारवा, कावळा, साळुंकी सुखाने राहतील. वटवट्या आणि चंडोल राहणार नाहीत, कारण त्यांच्या पिल्लांना भरवायला अळ्या, टोळ, नाकतोडे लागतात आणि ते या हिरवळीवर नसतात. फुलांवर दिसणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि किडेच भरवतो. म्हणजे जे पक्षी कुठेही जुळवून घेतात, त्यांच्यासाठीच आपण आणखी सोय करतो आहोत.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांकडे या बाबतीत दुर्मीळ भांडवल आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे ८५३ एकर जमीन आहे. त्या माळावर पाणी अडवून तळी केली गेली आणि आज मोर हा तिथला नेहमीचा रहिवासी आहे. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी झुडपी माळाला लागून आहे. गोवा विद्यापीठ ताळगावच्या जांभ्या खडकाच्या पठारावर वसले आहे. कोकणी मुलखात ज्याला सडा म्हणतात, तो उन्हाळ्यात करपलेला आणि पावसात डबकी, गवत व रानफुलांनी भरलेला असतो. माळटिटवी आणि चंडोल यांना असला उघडा सडाच मानवतो. या तिन्ही ठिकाणी ‘झाडे लावा’ हे एकच उत्तर पुरे पडणार नाही. सड्यावर खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे तिथल्या पक्ष्यांचे अंगण बुजवणे.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. भारत २०१३ पासून त्यात आहे आणि त्याच्याच जोडीने महाविद्यालये व विद्यापीठे ‘कॅम्पस बर्ड काउंट’ करतात. कमीत कमी १५ मिनिटे एका जागी पक्षी मोजायचे आणि यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर टाकायची, इतके ते सोपे आहे. हजारो मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा दुर्बीण येते ती याच निमित्ताने. त्या वेळी पळस आणि काटेसावर फुललेली असते, मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे त्यांवर कलकलाट करत असतात, त्यामुळे यादी भरघोस होते. मग आवारात इतक्या जाती आढळल्याची बातमी येते आणि विषय पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मिटतो. या आकड्यात एक गफलत दडलेली असते. यादी वाढली याचा अर्थ पक्षी वाढले असा होत नाही. मोजणारे वाढले, एवढाही होऊ शकतो. फेब्रुवारीच्या यादीला पावसाळ्यातली वीण दिसत नाही. आणि कोणता पक्षी आवाराच्या कोणत्या कोपऱ्यात होता, हे लिहिले नसेल, तर त्या कोपऱ्यावर इमारत येताना यादीचा काडीचा उपयोग होत नाही.

एक जागा धरून नोंदी ठेवायला मोठी साधने लागत नाहीत. पक्षीशास्त्रज्ञ सालीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला, तेव्हा ना नोकरी होती ना प्रयोगशाळा. घराजवळच्या घरट्यांकडे ते रोज पाहत राहिले आणि नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी नोंदवले. विद्यापीठांकडे त्याहून किती तरी जास्त आहे. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, नोंदी पडताळायला संख्याशास्त्र आहे, नकाशे करायला भूगोल आहे. मराठी विभागालाही काम आहे. खाटीक, कोतवाल, सातभाई, पावशा ही नावे आवारातल्या माळ्यांना आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना ठाऊक असतात. बाराही महिने पहाटे आवारात असणारी हीच माणसे पक्षीगणनेत सहसा नसतात.

प्रशासनाच्या अडचणी खोट्या नाहीत. वसतिगृहाच्या दाराशी कमरेएवढे गवत असेल, तर सापाची भीती रास्त आहे. वाटेवर झुकलेली वाळकी फांदी काढलीच पाहिजे. विद्यार्थ्यांना खोल्या हव्यात आणि त्या कुठेतरी बांधाव्याच लागतील. पण रस्ते, वसतिगृहे आणि मैदानांच्या कडेचे गवत कापण्यासाठी उरलेला सगळा माळ कापावा लागत नाही. उलट न कापल्याने खर्च वाचतो.

कुलगुरूंच्या एका परिपत्रकात मावेल एवढेच मागणे आहे. आवाराचा काही भाग ‘गवताळ अधिवास’ म्हणून नकाशावर दाखवावा आणि तिथे जून ते ऑक्टोबर यंत्र फिरवू नये. पाचोळा पेटवू नये. वर्दळीपासून दूर असलेली मेलेली खोडे उभी ठेवावीत. नव्या लागवडीत वड, उंबर, पांगारा, काटेसावर यांना पहिली पसंती द्यावी. माळ आणि सडा लागवडीतून वगळावेत. पक्षीगणना ऋतूगणिक करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे जागा लिहावी. बांधकामाचा प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे येईल, तेव्हा त्या जागेची यादी त्याला जोडलेली असावी.

राज्य सरकारने २०२० मध्ये ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. सुरुवात अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाने होते, शेवट सालीम अलींच्या. पावसाळी वीण तोवर बरीचशी आटोपलेली असते, गवत पिवळे पडून बिया झडलेल्या असतात, मुनियांची पिल्ले उडायला लागलेली असतात. आवारातली पहिली कापणी त्या सप्ताहानंतरच्या सोमवारी करायला कोणत्याही विद्यापीठाला वेगळ्या निधीची गरज पडणार नाही. कंत्राटातली तारीख तेवढी बदलावी लागेल.