मलमल आणि अंगठा

आपल्या घरातला सर्वांत साध्या स्वभावाचा कपडा कोणता, असे कोणी विचारले तर मी मलमलीचे नाव घेईन. बाळाचे पहिले झबले तिचे, नमाजची ओढणी तिची, आजोबांचा उन्हाळी कुर्ता तिचा. ओढणी विरली की तिच्यात दही बांधून चक्का टांगायचा. मे महिन्यात पॉलिस्टरची ओढणी डोक्यावर दहा मिनिटे सहन होत नाही, मलमल मात्र तासभर असली तरी जाणवत नाही. बाजारात ती मीटरवर मिळते आणि तिच्यासाठी कोणी फारशी घासाघीसही करत नाही.

आपण जी वापरतो ती मात्र खऱ्या मलमलीची लांबची, जाडीभरडी नातलग आहे. खरी मलमल ढाक्याची. तिच्यासाठी लागणारा कापूसच वेगळा होता. त्याला तिकडे फुटी कार्पास म्हणत. मेघना नदीच्या काठी, पुराच्या गाळाने पोसलेल्या जमिनीत तो येई. ढाक्याच्या उत्तरेला कापासिया नावाचे गाव आजही आहे, नावातच कापूस असलेले. या कापसाचे तंतू आखूड, म्हणून पुढे आलेल्या यंत्रांना तो नकोसा झाला. पण बाईच्या बोटांत त्याचे जे सूत निघे तसे दुसऱ्या कशाचे निघत नसे. कापूस साफ करायला बोआल माशाच्या जबड्याची फणी करत, कारण त्याचे दात बारीक आणि दाट असतात. सूत काढायचे ते पहाटे, हवेत दव असेपर्यंत, किंवा मग उतरत्या दुपारी. ऊन चढले की तंतू तुटतो. हवा कोरडी असली तर टकळीखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवत. उत्तम प्रतीचा अर्धा तागा विणायला पाच-सहा महिने जात. मासा, नदी, दव, गाळ आणि तरुण नजर, एवढे सगळे एकत्र आले तर ती मलमल. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त सोनारगावच्या एका तलावाची नोंद केली आहे. त्याच्या पाण्यात धुतलेल्या कापडाला वेगळीच शुभ्रता येते, असे तो लिहितो.

या कापडाला दिलेली नावेही पाहा: आब-ए-रवाँ म्हणजे वाहते पाणी, शबनम म्हणजे दव, बाफ्त-हवा म्हणजे विणलेली हवा. उर्दू-फारसी जाणणाऱ्याला ही नावे उच्चारतानाच गारवा वाटतो. आणि रफूगर असे, की लांबलचक ताग्यातला एक जाड धागा अख्खा ओढून काढून त्या जागी बारीक धागा घालत. आपण ‘रफू’ म्हणतो ते फाटक्या कोपरासाठी. त्यांचा रफू न फाटलेल्या कापडासाठी होता.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे १७८३ साली एक चित्र मांडले गेले, पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातले. पॅरिसमध्ये गहजब झाला. राणीला आतल्या कपड्यांत रंगवले म्हणून लोक चिडले, आणि फ्रान्सच्या रेशीमवाल्यांचे काय होणार हाही राग होताच. चित्र प्रदर्शनातून काढावे लागले, पण फॅशन राहिली. पुढची काही वर्षे युरोपातल्या श्रीमंत बायका कडाक्याच्या थंडीतही मलमल घालत होत्या आणि व्यंगचित्रकारांची चंगळ होती. बायकांनी काय घातले यावर पुरुषांनी एवढा गोंधळ घालावा, ही काही केवळ आपल्या मोहल्ल्याची खासियत नव्हे.

हे कापड विणणाऱ्याचे मात्र काय होत होते?

आपल्या भाषणांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, कधीकधी वर्गातही एक गोष्ट हटकून सांगितली जाते: इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले. तिचा लेखी माग काढत गेले की आपण १७७२ सालच्या एका पुस्तकापाशी पोहोचतो. लेखक विल्यम बोल्ट्स. हा आधी ईस्ट इंडिया कंपनीचाच नोकर. कंपनीशी बिनसल्यावर त्याने तिच्या कारभाराचे वाभाडे काढले. राग होता, पण माणूस आतला होता. तो लिहितो ते असे, की कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी स्वतःचे अंगठे स्वतः कापून घेतले, म्हणजे त्यांना त्या कामाला कोणी जुंपू नये.

मला ही मूळ नोंद त्या प्रचलित गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटते. दुसऱ्याने हात तोडणे हा जुलूम आपल्याला लगेच कळतो. पण जे कौशल्य बापाकडून शिकलो, ज्यावर घर चालते, तेच गळ्यातला फास व्हावे आणि सुटण्याचा एकच मार्ग उरावा? त्यामागची रीतही बोल्ट्सने सांगितली आहे. गुमास्ता गावात येई, कारागिराच्या हातात आगाऊ रक्कम कोंबली जाई, आणि मग तो दुसऱ्या कोणाचे काम करू शकत नसे. तयार मालाची किंमत जाचनदार ठरवी. बाजारात जे मिळाले असते त्यापेक्षा ती निदान पंधरा टक्के कमी असे, काही ठिकाणी चाळीस टक्के. सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्या माप मारणाऱ्यांची गत सांगितली आहे, ते केवळ तराजूवाले दुकानदार नसावेत, असे हे वाचताना वाटते.

आणखी एक गोष्ट आपणच आपल्याला सांगायला हवी, कारण दुसऱ्याने सांगितली तर आपल्याला झोंबते. कंपनीच्या आधी सगळे आबादीआबाद नव्हते. मोगल दरबारासाठी ढाक्यात ‘मलबूस खास’चे कारखाने होते आणि त्यांवर दरोगा असे. अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक रेनाल म्हणतो की तिथे फार निष्णात म्हणून ओळखले जाणे हे विणकराचे दुर्दैवच होते, कारण मग त्याला फक्त सरकारचे काम करावे लागे, मोबदला तुटपुंजा मिळे आणि जवळपास कैदेत राहावे लागे. शबनम नाव ठेवणारे आपले, आणि ती विणणाऱ्याला कोंडणारेही आपलेच. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही प्रेषितांची (स.) शिकवण त्या कारखान्यांतही ठाऊक असणारच. जुम्म्याच्या खुतब्यात ती तेव्हाही ऐकली जात असेल.

पुढे मँचेस्टरचे यंत्रसूत आले, अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसाचे. ढाक्याची वस्ती दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आली, अशी साक्ष चार्ल्स ट्रेव्हेलियनने १८४० मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या समितीपुढे दिली. विणकर गेले, सूत काढणाऱ्या बायका गेल्या, आणि मग कोणी पेरीना म्हणून फुटी कार्पासही शेतांतून गेला. ना दुष्काळ पडला ना कीड लागली, भाव नाही म्हणून एक पीक संपले. अलीकडे बांगलादेशी संशोधकांनी लंडनच्या क्यू उद्यानात जपलेल्या जुन्या नमुन्याशी ताडून मेघनेकाठी त्याच्या जवळचे रोप शोधले, हातसूत काढणाऱ्या बायकांना पुन्हा शिकवले, आणि २०२० मध्ये ढाकाई मलमलीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण जग आज ढाक्याकडून मलमल घेत नाही, टी-शर्ट आणि जीन्स घेते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली; वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत बोलावले, नाही आलात तर पगार कापू असे सांगून. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्या इमारतीत शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जात होते.

ही ढाक्याची कथा म्हणून बाजूला ठेवणे आपल्याला तर मुळीच जमू नये. मालेगाव-भिवंडीतल्या कितीतरी मोमीन-अन्सारी घरांचे पूर्वज १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आपले माग सोडून इकडे आले. हातमागाचे यंत्रमाग झाले. बारा तासांची पाळी, कापसाचे तूस नाकातोंडात, आणि पैसे विणलेल्या कापडाच्या मापावर. ईदच्या आधी आपण स्वस्त कुर्तीचे दुकान शोधत फिरतो तेव्हा ती स्वस्ताई कोणाच्या तरी पाळीतून आलेली असते. दुकानदार आपल्याला सूट देतो, म्हणजे स्वतःच्या खिशातून देतो असे नव्हे.

आमच्या शाळेत यंत्रमाग कामगारांची मुले पुष्कळ आहेत. आठवीच्या वर्गात बोल्ट्सची ती नोंद सांगितली तेव्हा अंगठ्यांचे ऐकून सगळे गप्प झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “टीचर, तेव्हा पण मीटरवरच पैसे मिळायचे?” मी म्हटले, नाही, ताग्यावर, आणि किंमत जाचनदार ठरवायचा, कापड हलके आहे म्हणून तो पैसे पाडायचा. ती म्हणाली, “अब्बूंच्या कारखान्यात पण एक आहे तसा. डाग निघाला की कापतो.”